‘नेहमी’ म्हणणाऱ्याची बरणी

बिइस्क, १८ फेब्रुवारी १९७४

ग्लेब,

तुझं पाकीट मिळालं. लेखाची प्रत मिळाली, छापायच्या संमतीचा कागदही मिळाला. सही केलेली नाही. का केली नाही ते लिहिते. पत्र लांबेल, चहा घेऊन बस.

आधी इकडचं. बहिणीकडे मी रुळले असं म्हणायला हरकत नाही. लुकेर्या गुरांच्या दवाखान्यात काम करते, त्यामुळे घरात वाचायला गुरांच्या आजारांची पुस्तकं तेवढी आहेत. तीच वाचते आहे. वेन्या गेल्यापासून संध्याकाळी हातात पुस्तक नसलं की खोली फार मोठी वाटते. गाईच्या खुरांबद्दल काही अडलं तर विचार.

आता लेख. मी सातवीपर्यंत शिकले, गणितातलं मला काही कळत नाही, हे तुला माहीत आहे. पण वेन्याचा प्रत्येक लेख मी टाइप केला. मी शब्द टाइप करायचे आणि सूत्रांसाठी जागा मोकळ्या सोडायचे. तो त्या जागांत काळ्या शाईने सूत्रं भरायचा. मग मी पेन्सिल घेऊन बसायचे. ग्रीक अक्षरांना लाल गोल, मोठ्या अक्षरांखाली दोन रेघा, लहान अक्षरांवर दोन रेघा, म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याचा घोटाळा होऊ नये. सूत्रं त्याची, पण शब्द सगळे माझ्या बोटांतून गेलेले. तुझी प्रतही मी तशीच वाचत गेले, सूत्रं सोडून शब्द धरून. आणि एका पानावर, अंधारात जिन्याची एक पायरी कमी असावी तसं झालं.

ते वाक्य कुठे आहे?

तुला कळलं असेल कुठलं. तरी लिहिते: ‘या बिंदूपाशी किंमत नेमकी शून्य असेल, तर ही रीत थांबेल की नाही, हे आम्हाला माहीत नाही.’

वेन्याने मला ते स्वयंपाकघरात समजावलं होतं, टेबलाच्या फटीवर माझ्या लोकरीचा धागा टाकून. फट म्हणजे जमीन, म्हणजे शून्य. धागा जिथे फट ओलांडतो तिथे समीकरणाचं मूळ. तुकड्याच्या एका टोकाला धागा फटीच्या वर आणि दुसऱ्या टोकाला खाली असेल तर मधे कुठेतरी त्याने फट ओलांडलीच आहे. तुकडा अर्धा करायचा, परत बघायचं, परत अर्धा करायचा. हे मला लगेच कळलं. मग त्याने धागा असा ठेवला की तो वरून खाली आला, फटीपाशी वळला आणि परत वर गेला. दोन्ही टोकं वरच. आता तो फटीला टेकला की केसभर वर राहिला? आकडे काढत बसायचं: शून्य, शून्य, शून्य. साध्या समीकरणात किती शून्यं पाहिली म्हणजे खात्री धरायची, ते आधी काढून ठेवता येतं म्हणे. पण घातांक आणि साइन एकमेकांत गुंतले की ते कोणालाच सांगता येत नाही. तिथे यंत्र शून्यं छापत राहील आणि आपण वाट बघत राहू. वेन्या म्हणाला होता, बाकीचा लेख कोणीही लिहिला असता, हे वाक्य मात्र मी लिहिलं आहे.

तुझ्या प्रतीत त्या जागी लिहिलं आहे की अमुक आकड्याहून लहान असेल ते शून्य धरावं. आणि पहिल्याच पानावर: ही रीत नेहमी थांबते आणि सगळी वास्तव मुळं शोधते. नेहमी. आणि खाली तुझ्या नावाच्या आधी वेन्याचं नाव.

विभागातल्या गुरुवारच्या बैठकीचा नियम विसरलास का? जो ‘नेहमी’ म्हणेल त्याने घरच्या खारवलेल्या अळंबीची बरणी टेबलावर ठेवायची. बैठक उठायच्या आत कोणी दावा मोडला तर बरणी मोडणाऱ्याची, नाही मोडला तर बरणी परत घरी. हा नियम करताना आम्हा बायकांना कोणी विचारलं नव्हतं. वेन्याने तो शब्द एकदाच वापरला, लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, आणि माझी बरणी निनेल अब्रामोव्हना दावा मोडून घेऊन गेली. त्यानंतर त्याने तो शब्द तोंडातून काढला नाही.

हा लेख गुरुवारी ठेवला होतास? बरणी कोणाकडची होती? रिम्माला अळंबी खारवता येत नाही, तेव्हा तुमच्या घरची नसणार.

वाक्य परत घाल, मी सही करते. माणूस गेला म्हणून त्याच्या तोंडी वाटेल ते घालता येत नाही.

सेराफिमा


तोम्स्क, २७ फेब्रुवारी १९७४

प्रिय सेराफिमा इग्नात्येव्हना,

तुमचं पत्र वाचून बरं वाटलं; तुमचा आवाजच ऐकल्यासारखं झालं. रिम्माही हसली. अळंबीबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, मागच्या वर्षी तिची बरणी फसफसून फुटली.

वाक्याबद्दल तुम्ही उगाच मनाला लावून घेता आहात. ते तसं अनावश्यकच होतं. आमच्या यंत्रात ठरावीक आकडेच मावतात. त्यापलीकडचं शून्य आणि शून्याच्या जवळचं, दोन्ही त्याला सारखंच. पूल बांधणाऱ्याला किंवा पंख्याची पाती करणाऱ्याला तेवढं पुरतं. परीक्षकांनाही लेख नेटका हवा असतो. तुम्ही सूत्रं वाचत नाही, त्यामुळे त्या एका वाक्याचं वजन तुम्हाला जास्त वाटतं. सूत्रांच्या बाजूने पाहिलं तर तिथे फारसं काही बदललेलं नाही.

गुरुवारी बरणी ठेवायची पद्धत आता राहिली नाही. इन्नोकेंती साव्विच विभागप्रमुख झाले, त्यांना तो पोरखेळ वाटतो. वेनियामिन लुकिच गेल्यावर कोणी आग्रहही धरला नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगतो. जूनमध्ये मला डॉक्टरेटचा प्रबंध सगळ्यांपुढे मांडायचा आहे आणि तो या लेखावर उभा आहे. ‘नेहमी’ असेल तर ते प्रमेय. ‘कदाचित’ असेल तर तो नुसता अनुभव, आणि अनुभवाला पदवी मिळत नाही. इन्नोकेंती साव्विचनी हे तोंडावर सांगितलं आहे. तुमची सही मार्चच्या मध्यापर्यंत आली तर लेख उन्हाळ्याच्या अंकात जाईल. वेनियामिन लुकिचचं नाव पहिलं आहे आणि पहिलंच राहील.

तुमचा ग्लेब


बिइस्क, ६ मार्च १९७४

आदरणीय ग्लेब रोदियोनोविच,

तुम्हाला आता अशीच हाक मारायला हवी. ज्याला मी ‘ग्लेब, अजून घे’ म्हणून वाढत होते, तो मुलगा असं पत्र लिहिणार नाही.

मी सूत्रं वाचत नाही. खरं आहे. ‘माहीत नाही’ हे मात्र मला वाचता येतं. आणि जिथे ‘माहीत नाही’ होतं तिथे ‘नेहमी’ आलं तर फारसं काही बदललेलं नाही असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला वाटतं सूत्रं वाचून वाचून तुम्हाला शब्द वाचता येईनासे झाले आहेत.

पुलाचं आणि पात्यांचं मला सांगू नका. पूल बांधणाऱ्यासाठी लिहायचं होतं तर तसं लिहा: इतक्या आकड्यांपर्यंत पुरेल, पुढचं आम्हाला ठाऊक नाही. त्यात लाज काय आहे? पण तसं लिहिलं तर इन्नोकेंती साव्विच पदवी देणार नाहीत. म्हणजे गणित यंत्राने ठरवलेलं नाही, प्रमुखांनी ठरवलं आहे.

मग असं करा. वेन्याचं नाव काढा. लेख तुमचा, ‘नेहमी’ तुमचं, पदवी तुमची. लोक चोर म्हणतील अशी भीती वाटली तर ती तुमची तुम्ही सोसा. जे तो बोलला नाही त्याखाली त्याचं नाव मी राहू देणार नाही. त्याच्याजवळ दुसरं होतं काय? घर संस्थेचं, यंत्र संस्थेचं, कोटसुद्धा माझ्या भावाचा. स्वतःचं असं त्याचं एवढंच होतं की जे माहीत नाही ते माहीत आहे असं त्याने कधी म्हटलं नाही.

आणखी एक मनात आलं आहे, तेही लिहिते, कारण मनात ठेवून मला जमत नाही. ऑक्टोबरात मी त्याच्यासाठी सूप करायला इस्पितळातून घरी जायचे, तेव्हा तुम्ही त्याच्यापाशी बसायचात. मी बाकीच्यांना सांगायचे, पोटचा मुलगा नाही पण त्याहून काय कमी आहे. आता वाटतं, माणूस गुंगीत पडलेला असताना तुम्ही त्याच्यापाशी बसला होतात की त्याच्या कागदांपाशी?

सही होणार नाही.

सेराफिमा इग्नात्येव्हना


तोम्स्क, १५ मार्च १९७४

सेराफिमा इग्नात्येव्हना,

तुमचं पत्र मी रिम्माला दाखवलं नाही. हेही दाखवणार नाही.

मी कागदांपाशी बसलो नव्हतो. जे सांगतो आहे ते सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं, पण तुम्ही मला चोर ठरवलंत, आणि ते मला सोसत नाही. माणूस म्हणून मी तेवढाच आहे.

वाक्य वेनियामिन लुकिचनी काढायला सांगितलं.

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता. तुम्ही घरी गेला होतात. ते जागे होते, गुंगीत नव्हते, त्या दिवशी तर चांगले तरतरीत होते. मला म्हणाले, लेख वाचून दाखव. मी वाचत गेलो. ते वाक्य आलं तसा त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, हे काढ. मला वाटलं थट्टा करताहेत. त्यांच्या थट्टा तुम्हाला माहीत आहेत, तोंड सरळ ठेवून करायचे. पण ते हसले नाहीत. म्हणाले, “जन्मभर मी ‘जर’ लिहीत आलो. एकदा ‘नेहमी’ लिहून बघू दे.”

मी म्हटलं, सिद्धता नाही. म्हणाले, ते मला ठाऊक आहे, तू काढ. मग तुमच्याबद्दल, खिडकीकडे बघत म्हणाले, “सिमाला सांगू नकोस. ती म्हणेल, आधी बरणी ठेव.”

ते घाबरले होते की मनात हसत होते, मला आजही सांगता येत नाही. मी नाही सांगणार म्हटलं.

तेव्हा वाक्य त्यांनी काढलं. त्या जागी जे बसवलं ते माझं. एक गेलं की दुसरं काहीतरी घालावंच लागत होतं, नाहीतर खाली भोक उघडं दिसलं असतं. माझा गुन्हा तेवढा, आणि तो लहान नाही हे मला कळतं. पण त्यांना मी लुटलं नाही. तुमच्याजवळ जे वेनियामिन लुकिच आहेत ते तसेच राहावेत, म्हणून मागच्या पत्रात मी यंत्राच्या आणि पुलाच्या गोष्टी सांगत बसलो.

ग्लेब


तोम्स्क, १४ एप्रिल १९७४

प्रिय सेराफिमा इग्नात्येव्हना,

महिना झाला, तुमचं पत्र नाही. मला ते सांगायला नको होतं. रिम्मा म्हणते तुमची तब्येत तरी विचार, म्हणून विचारतो आहे. संपादकांना मी थांबायला सांगितलं आहे. इन्नोकेंती साव्विच रोज विचारतात, ‘विधवेची सही आली का.’ त्यांना मी सांगितलं की विधवेलाही नाव आहे.

दोन ओळी पाठवा.

ग्लेब


बिइस्क, ५ मे १९७४

ग्लेब रोदियोनोविच,

तब्येत चांगली आहे. बिया नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला, अंगणात चिखल आहे.

तुमचं मार्चचं पत्र वाचल्यावर मी आधी ठरवलं की तुम्ही खोटं बोलता आहात. तसं ठरवून मी आठवडाभर छान राहिले. तुमच्यावर रागवणं सोपं होतं. तुम्ही लांब आहात, तरुण आहात आणि माझे कोणी नाही. पण ‘ती म्हणेल, आधी बरणी ठेव’ हे तुम्हाला सुचणार नाही. ते त्याचंच आहे. माझ्याबद्दल असं बोलणारा माणूस या जगात एकच होता. त्या वाक्याने तुम्ही सुटलात आणि मी अडकले.

तेव्हापासून मी त्याच्याशी भांडते आहे. मेलेल्या माणसाशी भांडायची अडचण ही की तो उत्तर देत नाही. पण वेन्या जिवंत असतानाही देत नसे, त्यामुळे मला सवय आहे. परवा बटाटे सोलताना मी मोठ्याने बोलत होते. लुकेर्या आत येऊन म्हणाली, कोणाला बोलतेस? म्हटलं, नवऱ्याला. म्हणाली, मग चालू दे, आणि दार लावून गेली.

एका नववर्षाच्या संध्याकाळी पाहुणे दारात कोट घालून उभे होते, टेबलावर भाजलेला हंस थंड होत होता, आणि मी टाइपरायटरपाशी बसून एक पान परत टाइप करत होते. का, तर ‘असावं’च्या जागी माझ्या हातून ‘असतं’ पडलं होतं. लोक हसत होते. मी रडकुंडीला आले होते. तो शेजारी उभा राहून म्हणाला, सिमा, असतं म्हटलं तर आपल्याला माहीत आहे असं होईल. आणि मी ते पान केलं. अशी पानं किती केली ते मोजलेलं नाही. डोळे गेले त्यात, बोटांचे सांधे गेले. मला वाटायचं, हा असा आहे, त्याला दुसरं करता येत नाही, आणि म्हणून हंस थंड झाला तरी चालेल. आणि शेवटी त्यानेच, मी सूप करायला गेले असताना, माझ्या पाठीमागे, हात वर करून, ‘हे काढ.’

तरी त्या वाक्याचं मी गिळलं असतं. आजारी माणसाला काहीही मागावंसं वाटतं. मी त्याला मनाई असलेलं लोणचंही चोरून दिलं होतं. खरा राग त्याचा नाहीच. तो घाबरला होता, ग्लेब. संपत आलं आहे हे त्याला कळलं होतं आणि त्याला एकदा तरी काहीतरी पक्कं म्हणून जायचं होतं. हे त्याने तुला सांगितलं. मला सांगितलं नाही. मी संध्याकाळी सूप घेऊन आले तेव्हा म्हणाला, मीठ बेताचं आहे.

बघ, रागात परत ‘तू’वर आले. असू दे.

मागच्या सप्टेंबरात आम्ही रानात गेलो होतो. त्याला वाकता येत नव्हतं. तो एका बुंध्यावर बसून काठीने मला अळंबी दाखवत होता आणि निम्म्या वेळा ती पिवळी पानं निघत होती. त्या दिवसाची एक मोठी बरणी भरली. तोम्स्कहून इथे येताना बाकीचं सामान मी मालडब्यात टाकलं, ती मांडीवर घेऊन आले. उघडलेली नाही. लुकेर्या दर रविवारी तळघरात जाते, बघते, आणि तशीच वर येते.

ती बरणी पाठवते आहे. लुकेर्याच्या ओळखीचा ट्रकवाला लोकर घेऊन तोम्स्कला जातो, त्याच्याबरोबर. झाकणावर मी नाव लिहिलं आहे: वेनियामिन लुकिच. ‘नेहमी’ त्याने म्हटलं, तेव्हा बरणी त्याचीच. मेला म्हणून नियमातून सुटका नाही. मी काय म्हणेन ते त्याला ठाऊक होतं; मग तेच म्हणते. आधी बरणी ठेव.

गुरुवारी सगळ्यांसमोर टेबलावर ठेव. इन्नोकेंती साव्विच काय म्हणतील ते म्हणू देत. लेख त्याला हवा होता तसा वाच, ते वाक्य नसलेला. उठायच्या आत कोणी मोडला नाही, तर बरणी मला परत पाठव. मी सही करते आणि पुन्हा कधी हा विषय काढत नाही. कोणी मोडला, तर बरणी मोडणाऱ्याने न्यावी आणि वाक्य जागेवर यावं.

याउपर माझ्याजवळ पणाला लावायला काही नाही.

सेराफिमा


तोम्स्क, २४ मे १९७४

प्रिय सेराफिमा इग्नात्येव्हना,

काल गुरुवार होता.

बरणी धड पोचली. ट्रकवाल्याने ती मेंढीच्या कातड्यात गुंडाळली होती आणि माझ्या हातात देताना म्हणाला, आत काय आहे देव जाणे, बाईने मला तीनदा शपथ घ्यायला लावली.

मी ती टेबलावर ठेवली. इन्नोकेंती साव्विच म्हणाले, हे काय आहे, बाजार भरलाय का? मग त्यांनी झाकणावरचं नाव वाचलं आणि खाली बसले. तुमचं पत्र मी वाचून दाखवलं नाही, एवढंच सांगितलं की वेनियामिन लुकिचचा दावा आहे आणि नियमाप्रमाणे बरणी त्यांच्या घरून आली आहे. मग लेख वाचला. पहिल्या पानापासून, ‘नेहमी’सकट.

वाचून झालं. कोणी हात वर केला नाही.

सेराफिमा इग्नात्येव्हना, त्या खोलीतल्या निम्म्या लोकांना भोक कुठे आहे ते दिसलं होतं. माझ्या अमुक आकड्यापाशी आलो तेव्हा मी वर पाहिलं, तर सगळे वह्यांत बघत होते. निनेल अब्रामोव्हना खिडकीबाहेर बघत होत्या, आणि खिडकीबाहेर कोळशाचा ढीग आहे. इन्नोकेंती साव्विच उठले आणि म्हणाले, वेनियामिन लुकिचच्या स्मृतीला मान म्हणून आज प्रश्न नकोत. अभिनंदन, ग्लेब, बरणी घरी ने.

म्हणजे मी जिंकलो होतो. तुमच्या अटीप्रमाणे सही मिळणार होती, जून पक्का झाला होता. मी बरणी उचलली. ती फार जड आहे. आणि उचलताना माझ्या डोक्यात एवढंच आलं की या खोलीत वेनियामिन लुकिचशी कोणी इतकं सभ्यपणे कधीच वागलं नव्हतं. इथे त्यांच्या तोंडावर खडू फेकलेला मी पाहिला आहे. त्यांनीही फेकला आहे. ते बोलायला उभे राहिले की लोक बाह्या सरसावायचे. आणि काल सगळे असे बसले होते जसे इस्पितळात आजाऱ्याला भेटायला आलेले लोक बसतात, फळं मांडीवर घेऊन.

मी बरणी परत खाली ठेवली. फळ्यावर दोन वक्र रेषा काढल्या. एक खाली येऊन जमिनीला टेकते आणि वर जाते. दुसरी तशीच येते, पण न टेकता, माझ्या आकड्याहूनही कमी उंचीवरून, वर वळते. माझी रीत दोघींना एकच उत्तर देते: इथे मूळ आहे. पहिलीला आहे, दुसरीला नाही. माझा आकडा कितीही लहान केला तरी त्याहून खालून जाणारी एक रेषा काढता येते. आणि आकडा काढूनच टाकला, तर पहिल्या रेषेपाशी यंत्र शून्यं मोजत बसेल आणि थांबणार नाही.

इन्नोकेंती साव्विच म्हणाले, “ग्लेब, खाली बस.”

मी म्हटलं, “मोडला.”

मग निनेल अब्रामोव्हना उठल्या, बरणीपाशी आल्या, ती दोन्ही हातांनी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, “मोडणाऱ्याची. मी घेतली होती तेव्हा लुकिच रडवेला झाला होता, पण दिली होती.”

त्यावर भांडण सुरू झालं. वेनियामिन लुकिच डिसेंबरात गेले, त्यानंतरचं पहिलं. एकाचं म्हणणं, दावा मांडणाऱ्याला स्वतःची बरणी जिंकता येत नाही. दुसऱ्याचं, दावा लुकिचचा, ग्लेब नुसता वाचणारा, तेव्हा चालतं. तिसरा म्हणाला, दावा मेलेल्या माणसाचा, त्याला उत्तर द्यायची संधी मिळाली नाही, सबब बैठक तहकूब. खडू उडाले. इन्नोकेंती साव्विच दार आपटून निघून गेले, त्याकडेही कोणाचं लक्ष नव्हतं. शेवटी रखवालदाराने दिवे घालवून आम्हाला बाहेर काढलं.

वाक्य जागेवर घातलं आहे, जसं तुम्ही लिहिलंत तसं. ‘नेहमी’ काढलं. माझा जून गेला. पुढच्या वर्षी बघू, असं इन्नोकेंती साव्विचनी आज सकाळी मला चिठ्ठी पाठवून कळवलं, समोर असूनही. रिम्मा मला मूर्ख म्हणाली आणि त्यानंतर काही म्हणालेली नाही. तिचं बरोबर आहे. आम्हाला वसतिगृहाच्या त्या खोलीत अजून एक हिवाळा काढायचा आहे.

बरणी खिडकीत ठेवली आहे. उघडायचा धीर होत नाही. त्यांनी दाखवलेल्या अळंबीची ती शेवटची आहे. परत पाठवू का?

ग्लेब


बिइस्क, ३ जून १९७४

ग्लेब,

सोबत संमतीचा कागद आहे, सही करून. नावं आहेत त्याच क्रमाने राहू देत.

तुझं पत्र मी लुकेर्याला वाचून दाखवलं. निनेल रडवेला म्हणते ते खोटं आहे, तो चांगला रडला होता, घरी येऊन. ती अजून तशीच आहे हे ऐकून बरं वाटलं. मी तिला त्या बरणीबद्दल कधी माफ केलं नव्हतं, आता करते.

राग गेला असं समजू नकोस. तुझ्यावरचा बराचसा गेला. जो माणूस बरणी परत खाली ठेवतो त्याच्यावर फार वेळ धरता येत नाही. वेन्यावरचा आहे तसाच आहे. तो संपवायची मला घाई नाही. बटाटे रोज सोलायचे असतात.

बरणी परत पाठवायची नाही. नियम म्हणजे नियम. ती खिडकीतून उचल, उन्हात खराब होईल. अळंबी काढून थंड पाण्याने दोन-तीनदा धू, नाहीतर खारट लागेल. वर कांदा पातळ चिरून घाल, आंबट साय घाल, आणि खाली गरम बटाटे घे, थंड नाही. रिम्माला आधी वाढ. काही समजावत बसू नकोस, नुसतं वाढ. ती दुसऱ्यांदा मागेल तेव्हा बोलेल. मधे एखादं पिवळं पान निघालं तर ते त्याने दाखवलेलं आहे, मी मुद्दाम काढलं नव्हतं. तेवढं खाऊ नका.

बरणी रिकामी झाली की स्वच्छ धुऊन त्याच ट्रकवाल्याबरोबर पाठव. झाकणावरचं नाव पुसू नकोस. लुकेर्या म्हणते, नदीपलीकडच्या रानात सप्टेंबरात अळंबी येते, आणि तिला वाकता येतं. तेव्हा मला बरणी लागेल.

सेराफिमा